दमदार पण दिसायला साधा लॅपटॉप सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी इंटिरिअरची कामं करते. थ्रीडी रेंडरसाठी (खोली सजल्यावर कशी दिसेल त्याचं हुबेहूब चित्र) एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड लागतंच, म्हणजे गेमिंग लॅपटॉप बघणं आलं. अडचण आहे ती दिसण्याची. क्लायंटच्या हॉलमध्ये, घरच्या आजी समोर बसलेल्या असताना आपण भिंतीच्या रंगाबद्दल गंभीरपणे बोलतोय आणि कीबोर्ड दिवाळीच्या माळेसारखा लुकलुकतोय!

आसूसचा झेफिरस जी१४ मनात भरलाय. २०२० च्या मॉडेलच्या झाकणावर हजारो बारीक भोकं होती. २०२४ मध्ये ॲल्युमिनियमची बॉडी आली आणि झाकणावर फक्त एक तिरकी पट्टी उरली. तिचा दिवाही बंद करता येतो. पण रॅम सोल्डर केलेली, म्हणजे आतल्या बोर्डालाच कायमची जोडलेली, नंतर वाढवता येत नाही. तिथेच घोडं अडलंय. लेनोवो लीजन ५ च्या बऱ्याच मॉडेलांत रॅम बदलता येते. बिजागरीमागे तो जो भाग बाहेर येतो तो अनेकांना बेढब वाटतो, मला उलट आवडतो; चार्जरची वायर मागून जाते, टेबल मोकळं राहतं. रेझर ब्लेड देखणा खराच, पण झाकणावरचा लोगो, तो हिरवा तीनतोंडी साप, आजींना काय सांगून दाखवू?

तर, पांढरा जी१४ कुणी वापरतंय का? मनगट टेकतं तिथे मळतो का? रेंडर चालू असताना मेटल बॉडीवर हात ठेवता येतो का? आणि झाकणाला स्किन (चिकटवायचं आवरण) लावून लोगो झाकलेले असतील तर फोटो टाका, प्लीज.