श्रीलंका, १६ दिवस, एप्रिलची सुट्टी: आई-बाबांना घेऊन निवांत कसं फिरायचं?

खानापूर_घाटवाट

शाळेच्या सुट्टीत, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढं कधीही, १६ दिवस श्रीलंकेला जायचं आहे. आम्ही दोघं, पाचवीतली मुलगी आणि आई-बाबा. आईचा गुडघा दुखतो, पन्नास-साठ पायऱ्यांच्या वर जमत नाही. ती शुद्ध शाकाहारी आहे. एजंटनं दिलेला बेत असा: कोलंबो, अनुराधपूर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला राष्ट्रीय उद्यान, मिरिस्सा, गाल्ल. म्हणजे एक दिवसाआड बॅगा भरायच्या. आम्हाला तीन-चार ठिकाणीच राहायचं आहे. काय ठेवावं, काय गाळावं?

सावकाश_टिळकवाडी

ठिकाणांच्या आधी तारीख पक्की करा. १३-१४ एप्रिलला तिथं सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्याच्या मागंपुढं दुकानं, खानावळी बंद, ड्रायव्हर गावाला गेलेले आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. नुवारा एलियात तर एप्रिलभर त्यांच्याच लोकांची हंगामी गर्दी असते आणि खोल्यांचे दर चढतात. म्हणून १८ एप्रिलनंतर उतरा, आणि नुवारा एलिया गाळा.

आता पाऊस. तिथं दोन मोसम आहेत. आपल्याकडं जूनमध्ये येणारा नैऋत्येचा पाऊस तिथं मेच्या उत्तरार्धात पोचतो आणि पश्चिम-दक्षिण किनारा झोडपतो. पूर्व किनाऱ्याला पाऊस लागतो तो साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत. एप्रिलअखेरीस गाल्ल-मिरिस्साचा हंगाम संपत आलेला असतो आणि त्रिंकोमलीचा समुद्र शांत झालेला असतो. म्हणून तुम्ही पूर्वेला जा. दक्षिण किनारा डिसेंबर ते मार्चसाठी ठेवा. दोन्ही किनारे एका सहलीत कोंबले की पाचपैकी एक दिवस गाडीतच जातो.

देश बेळगाव जिल्ह्याच्या जेमतेम पाचपट, त्यामुळं नकाशावर सगळं जवळ वाटतं. पण डोंगरात ताशी २५-३० किलोमीटरच धरा, चोर्ला घाटात धरता तसे. अंतर नको, तास मोजा.

माझा बेत असा. विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबोत नाही, म्हणून पहिली रात्र शेजारच्या नेगोंबोत. मग दंबुल्ला किंवा हबरणा ४ रात्री (नेगोंबोहून साधारण ४ तास), त्रिंकोमली ४ रात्री (हबरण्याहून सुमारे ८५ किलोमीटर, दोन तास), कँडी ५ रात्री आणि शेवटची रात्र परत नेगोंबो. त्रिंको ते कँडी हा एकच लांबचा दिवस, पाच तासांचा. तो दंबुल्ल्यात जेवणासाठी तोडा.

सिगिरियाला १२०० च्या आसपास पायऱ्या आहेत, आईंना नको. दंबुल्ल्याच्या लेण्यांनाही काही शे पायऱ्या आहेत. तुम्ही मुलीला घेऊन सकाळी दार उघडताच सिगिरिया चढा. नऊनंतर कातळ तापतो. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तिथल्या पाट्या सांगतात तसं गप्प चाला. आई-बाबांसाठी पोलोन्नरुवा ठेवा. बाराव्या शतकातली राजधानी, जमीन बहुतेक सपाट, एका अवशेषापासून दुसऱ्यापर्यंत रिक्षा जाते. गल विहारातला पहुडलेला बुद्ध १४ मीटर लांब आहे, एकाच कातळात कोरलेला. त्याच्यासमोर अर्धा तास नुसतं बसा, घाईत बघायची जागाच नव्हे ती. देवळाच्या आवारात चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी भाजते, तेव्हा जाड मोजे पिशवीत असू द्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धाकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, लोकांना ते फार लागतं.

तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा. सार्क देशांच्या नागरिकांना या पुरातत्त्व स्थळांवर सवलतीचा दर असतो.

निपाणी_रूळवेडा

बेत पटला, पण पाच रात्री कँडीत असताना आगगाडी सोडू नका. कँडीहून एल्लाकडं जाणारी गाडी सहा-सात तास घेते. वाटेत पट्टीपोला स्टेशन १,८९८ मीटरवर आहे, त्या देशातलं सगळ्यात उंच. पूर्ण प्रवास आईंना जड जाईल, म्हणून कँडी ते नानुओया (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) एवढाच करा आणि मोटारीनं परत या. चहाचे मळे एवढ्यातही पोटभर दिसतात.

मात्र २०२५ च्या नोव्हेंबरात डिटवा चक्रीवादळात दरडी कोसळून या डोंगरी मार्गाचं मोठं नुकसान झालं. बुकिंगच्या आधी कुठून कुठपर्यंत गाडी सुरू आहे हे रेल्वेकडूनच बघून घ्या. आरक्षण साधारण ३० दिवस आधी उघडतं. पहिल्या वर्गाचा एसी डबा घेऊ नका, काचा बंद असतात. दुसऱ्या वर्गाचं राखीव तिकीट घ्या, खिडकी उघडते. आणि तिकिटावर स्टेशन नीट वाचा. काही गाड्या कँडीत येतच नाहीत, पेराडेनिया जंक्शनवरून परस्पर जातात.

कँडीत खोली घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? बरीच घरं उतारावर आहेत, लिफ्ट नसते. फोटोत दिसणारा सुंदर देखावा म्हणजे बहुतेक वेळा साठ-सत्तर पायऱ्या. तळ्याकाठची सपाटीवरची खोली घ्या. तिथून दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, चालत होतं. संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला ढोल ऐकायला जा. पेराडेनियाची बाग १४७ एकरांची आहे, अख्खी सकाळ तिला द्या.

शहापूर_पानसुपारी

शाकाहाराचं नीट सांगते, कारण फसगत इथंच होते. तिथं उंबलकड म्हणजे सुकवलेला, धुरावलेला मासा कुटून भाजीत, पोल सांबोलात (ओल्या खोबऱ्याची चटणी), कधी आमटीतही घालतात. त्यांच्या लेखी तो मसाला, आपल्याकडं काहीजण सुकट टाकतात तसा. त्यामुळं ‘व्हेज आहे का’ विचारलं की ते मनापासून ‘हो’ म्हणतात. ‘मालु एपा, उंबलकड एपा’ असं म्हणा. एपा म्हणजे नको. तमिळ ‘सैव’ म्हणजे शाकाहारी खानावळ दिसली की निर्धास्त जेवा. त्रिंकोत तशा मिळतील. भात-भाज्यांचं जेवण दुपारचं असतं, लहान ठिकाणी दोननंतर संपतं. मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कित्तुलचा पाक आईंना नक्की आवडेल. आपली काकवीच समजा, फक्त उसाऐवजी भेर्ली माडाची.

पौर्णिमेला, त्यांच्या ‘पोया’ला, सरकारी सुट्टी असते. गर्दीची देवळं त्या दिवशी टाळा.

खानापूर_घाटवाट

ताई, दादा, खूप आभार. गाल्ल आणि याला उद्यान गाळलं. गाडी १६ दिवसांची करावी का? पैशांचं काय?

सावकाश_टिळकवाडी

नको. फक्त मुक्काम बदलायच्या दिवशी व्हॅन करा. पाच माणसं आणि बॅगा म्हटल्यावर छोटी कार पुरत नाही. बाकी दिवस रिक्षा, शहरांत पिकमी अ‍ॅपवरून. ‘वाटेत मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान नको’ हे आधीच सांगा. मातळ्याच्या बाजूला अशा बागांपुढं गाड्या हमखास थांबतात आणि भाव अव्वाच्या सव्वा असतात.

आपलं यूपीआय २०२४ पासून तिथं काही दुकानांत चालतं, पण रिक्षा आणि खानावळीसाठी रोख हवीच. ईटीए, म्हणजे प्रवासाचा ऑनलाइन परवाना, सरकारी संकेतस्थळावरूनच भरा, नाव पासपोर्टवर आहे तस्संच. मिळतीजुळती खासगी स्थळं जास्त पैसे घेतात.

बेंगळूरहून विमान धरणार असाल तर रात्रीच्या रेल्वेनं मॅजेस्टिकला उतरल्यावर देवनहळ्ळीचा विमानतळ अजून पस्तीसेक किलोमीटर राहतो. गाडी पोचायची वेळ आणि विमान सुटायची वेळ यांत निदान सहा तास ठेवा.

निपाणी_रूळवेडा

त्रिंकोचं राहिलं. कोणेश्वरम हे शंकराचं देऊळ फोर्ट फ्रेडरिक किल्ल्याच्या आत कड्यावर आहे, चढ आहे, आईंना रिक्षानं न्या. किल्ल्यात ठिपक्यांची हरणं मोकळी फिरतात, मुलगी तिथून हलणार नाही. राहायला उप्पुवेलीचा किनारा बघा, पाणी उथळ असतं.