मालवणात सुरमई थाळी: ताजेपणा कसा ओळखायचा?

प्रश्न: जूनअखेर कोल्हापूरहून मालवणला जातोय. हॉटेलात सुरमई ताजी मिळेल का?

उत्तर: भावा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. तेव्हाची सुरमई बहुतेक बर्फातलीच. त्यापेक्षा खाडीचं काय आलंय ते विचार. तरी सुरमईच हवी तर तळण्याआधी तुकडी बघायला माग: बोटानं दाबल्यावर खळगा तसाच राहिला किंवा मांस काट्यापासून सुटत असलं तर नको म्हण.

उत्तर: बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात, ती बाजूला काढायची; चावली तर जीभ बधिर होते. तांबड्या रश्श्यासारखी तर्री इथं शोधू नका, चव ओल्या खोबऱ्याची आणि कोकमाची.

उत्तर: सोलकढी फिकट गुलाबी असावी. गडद दिसली तर बीट घातलंय का विचारा. गरम केली की फुटते.