डीएआरएस-२ जनुकात दोन बदल : केवळ आईची तपासणी पुरेशी ठरेल का? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

पलूस तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाचीच्या एक्झोम तपासणीचा (सर्व जनुकांतील प्रथिने घडवणारे भाग वाचणारी चाचणी) अहवाल आला आहे. पुढे कोणती तपासणी करावी, याविषयी जाणकारांचे किंवा अशा प्रसंगातून गेलेल्या पालकांचे मत हवे आहे.

भाची तिसरीत शिकते. चालताना तिचा तोल जातो, अंधारात तर अधिकच, आणि गेल्या पावसाळ्यापासून पाय ताठरू लागले आहेत. बुद्धी तल्लख आहे. पाढ्यांत ती मला हरवते. मिरजेत काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूतील श्वेतद्रव्य, मस्तिष्कस्तंभ आणि मज्जारज्जूतील ठरावीक तंतुमार्ग या तिन्ही ठिकाणी बदल दिसले, शिवाय श्वेतद्रव्यात लॅक्टेट वाढलेले आढळले. त्यावरून मेंदूविकारतज्ज्ञांनी एलबीएसएल या दुर्मीळ विकाराची शंका व्यक्त केली होती.

अहवालात डीएआरएस-२ या जनुकात दोन बदल नोंदले आहेत. पहिला दुसऱ्या इंट्रॉनच्या (जनुकातला, प्रथिनासाठी न वापरला जाणारा भाग) शेवटाजवळ, तिसरा एक्झॉन (वापरला जाणारा भाग) सुरू होण्याच्या सुमारे वीस डीएनए-अक्षरे आधी आहे आणि तो रोगकारक म्हटला आहे. दुसऱ्याने प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते, पण त्याच्यापुढे ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अनिश्चित, असा शेरा आहे. आईवडिलांचे नमुने तेव्हा घेतले गेले नव्हते.

मी जे वाचले त्यावरून इतके समजले की मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतील ऊर्जा तयार करणारे घटक) स्वतःच्या डीएनएत १६,५६९ अक्षरे व ३७ जनुके असून त्यांपैकी केवळ १३ प्रथिनांसाठी आहेत. ही १३ प्रथिने तिथेच तयार होतात. त्यासाठी अ‍ॅस्पार्टिक आम्ल योग्य टीआरएनएवर (अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू) चढवणारे जे विकर (एन्झाइम) लागते, त्याचे जनुक, म्हणजेच डीएआरएस-२, मात्र पेशीकेंद्रकात, पहिल्या गुणसूत्रावर असते आणि विकर बाहेर तयार होऊन आत जाते. म्हणजे हा वारसा आई आणि वडील या दोघांकडून येतो.

घरात मात्र वेगळेच चालले आहे. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून मिळतात, असे कोणीतरी मोबाइलवर वाचले आणि तेव्हापासून सासरी सगळा दोष बहिणीच्या माथी मारला जातो. दाजी स्वभावाने चांगले आहेत, पण रक्त द्यायला तयार नाहीत. आमच्या भावकीत असे कोणी नाही आणि आमचे लग्नही नात्यातले नाही, एवढेच ते सांगतात. बहीण पुन्हा आई होण्याचा विचार करत असल्याने हा प्रश्न लांबणीवर टाकता येत नाही. केवळ तिची तपासणी करून काही निश्चित सांगता येईल का? आणि व्हीयूएसचा अर्थ कसा लावावा?

प्रतिसाद १

मी जनुकीय समुपदेशनाचे काम करते. केवळ आपल्या भगिनींच्या तपासणीतूनही बरेच कळू शकेल. हे दोनच बदल सँगर पद्धतीने (ठरावीक जागाच वाचणारी चाचणी) पाहायचे असल्याने खर्च एक्झोमच्या तुलनेत पुष्कळ कमी येतो. त्यांच्यात दोहोंपैकी नेमका एक सापडला, तर दुसरा वडिलांकडून आला असे मानता येते. तो मुलीतच नव्याने उद्भवल्याची शक्यता अगदी थोडी असते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, आणि विकार होण्यासाठी दोन्हींत बिघाड लागतो. म्हणून आईत दोन्ही बदल सापडले, तर ते जनुकाच्या एकाच प्रतीवर आहेत आणि निदानाचा पुन्हा विचार करावा लागेल. एकही न सापडल्यास आधी नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, ते पाहावे.

दाजींचे दोन्ही मुद्दे या विकाराला लागू पडत नाहीत. वाहक (एकाच प्रतीत बिघाड असलेले) निरोगी असतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या भावकीत काहीच दिसत नाही. २००३ मध्ये या विकाराचे वर्णन झाले, २००७ मध्ये जनुक सापडले, आणि तेव्हापासून हेच दिसत आले आहे की बहुतेक रुग्णांत दोन वेगवेगळे बदल असतात, त्यांपैकी एक बहुधा आपण लिहिलेल्या इंट्रॉनमधला. त्यामुळे लग्न नात्यातले असण्याची गरजच नसते. त्या बदलामुळे तिसरा एक्झॉन बऱ्याचदा गळतो, पण दर वेळी नाही. थोडे अखंड विकर तयार होत राहते, म्हणूनच विकार हळूहळू वाढतो.

दोन्ही बदल वेगवेगळ्या प्रतींवर असल्याचे ठरले, तर एमआरआयच्या इतक्या वैशिष्ट्यपूर्ण चित्रासह प्रयोगशाळेला व्हीयूएसचा फेरविचार करण्यास सांगावे. तोपर्यंत त्याच्या आधारे गर्भतपासणी करू नये. निदान पक्के झाल्यास प्रत्येक गर्भारपणात धोका २५ टक्के असतो. तपासणी दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यातून किंवा पंधराव्यानंतर गर्भजलातून होते, आणि १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार केवळ नोंदणीकृत केंद्रातच. म्हणून आधी अहवाल, मग गर्भधारणा, हा क्रम पाळावा.

खात्रीचा उपाय अद्याप नाही. फिजिओथेरपी मात्र थांबवू नये. डोक्याला किरकोळ मार लागल्यानंतरही काही रुग्णांची प्रकृती खालावल्याचे आढळले आहे, तेव्हा शाळेत तशी कल्पना देऊन ठेवावी.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार. या आठवड्यात बहिणीचा नमुना देत आहोत आणि आपला प्रतिसाद छापून दाजींना वाचायला देतो. भाचीचा धाकटा भाऊ धडधाकट आहे. त्याचीही तपासणी करावी का?

प्रतिसाद २

लक्षणे नसतील तर आत्ता नको. उपचार उपलब्ध नसलेल्या विकारासाठी निरोगी अज्ञान मुलाची तपासणी सहसा करत नाहीत. सज्ञान झाल्यावर तो निर्णय त्याने घ्यावा. चालण्यात काही फरक जाणवला, तर मात्र वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.