मास्टर ऑफ ओरायन २: सायलॉन घेऊनही साम्राज्य का वाढत नाहीये?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी मदत हवीय. सेलमध्ये मास्टर ऑफ ओरायन १ आणि २ (अंतराळात साम्राज्य उभारायचे जुने गेम) एकत्र मिळाले म्हणून घेतले, पहिला उघडून ग्राफिक्स बघून बंद केला, दुसऱ्यात मात्र असा अडकलोय की घरच्यांनी जेवायला हाक मारणं सोडून दिलंय.

तर प्रॉब्लेम असा. सायलॉन (गेममधली एक परग्रही जमात म्हणजे रेस) घेतलेत कारण सगळीकडे लिहिलंय की नवख्याने सायलॉन घ्यावेत, क्रिएटिव्ह आहेत, रिसर्चला +२ आहे, प्रत्येक टप्प्यावर एकच टेक निवडावी लागत नाही, सगळ्या मिळतात. मिडियम गॅलक्सी, हार्ड, अ‍ॅव्हरेज टेकपासून सुरुवात. आता स्टारडेट ३५१२ चालू आहे म्हणजे १२० टर्न झाले. टेकमध्ये सगळ्यांच्या पुढे आहे, पण बाकी सगळं बोंबललंय. होमवर्ल्ड केव्हाच फुल्ल झालंय, बाहेर चार कॉलनी आहेत त्या रडतखडत चालल्यात, प्रत्येक टर्नला पैसे मायनसमध्ये, कमांड पॉइंट (किती जहाजं पोसता येतात त्याचा हिशोब) पण मायनस ३. आणि खाली दक्षिणेला साक्रा (दुसरी एक रेस) बसलेत त्यांच्या माझ्या दुप्पट कॉलनी, आता त्यांची जहाजं माझ्या सीमेवर येऊन नुसती थांबतात आणि परत जातात. हे पाहणी करतायत का जागा मोजतायत कळत नाही.

सगळ्या कॉलनीत सगळ्या बिल्डिंगा बांधल्यात हो, रिसर्च लॅब, ऑटो फॅक्टरी, हायड्रोपोनिक फार्म, स्पेस अकॅडमी, सगळं. तरी एका कॉलनीत काही बांधायला लावलं तर ४० टर्न दाखवतं. चुकतंय कुठे? नवीन गेम सुरू कर असं सांगू नका, हाच वाचवायचाय.

डॉसबॉक्सवाला

पहिलं काम, होमवर्ल्ड फुल्ल आहे हे अभिमानाने सांगायचं बंद कर :) या गेममध्ये ग्रह पूर्ण भरला की तिथली वाढ शून्य. वाढ सगळ्यात जोरात असते ती ग्रह साधारण निम्मा भरलेला असताना. म्हणजे तुझा सगळ्यात मोठा ग्रह कित्येक टर्न एकही माणूस जन्माला न घालता बसलाय, आणि बाहेरच्या कॉलनीत एकदोन युनिट लोक आहेत तिथेही वाढ मुंगीच्या पावलाने. दोन्हीकडे तोटा.

उपाय सोपा आहे, कॉलनी स्क्रीनवर जाऊन माणसं उचल आणि नव्या कॉलनीत टाक. एक युनिट हलवायला ५ फ्रेटर (मालवाहू जहाजं) अडकतात, ते पोचले की मोकळे होतात. त्यामुळे लढाऊ जहाज बांधायच्या आधी फ्रेटरची एकदोन खेप जास्तीची बांधून ठेव, तेच जास्तीचं धान्य कमी पडणाऱ्या कॉलनीला पण नेतात. होमवर्ल्डवरून तीनचार युनिट गेले की तिथली वाढ परत चालू होते, नवीन कॉलनी पण एकदम पाय रोवते. आणि जिथे बांधण्यासारखं काही नाही तिथे हाउसिंग लाव, ट्रेड गुड्स नको.

अजून एक. कॉलनी शिप ५०० प्रॉडक्शन खातं. तुझ्या स्वतःच्या तारकामंडळात ग्रह रिकामे असतील तर कॉलनी बेस २०० मध्ये होतो. भिकार असले तरी घे. सायंटिस्टला खनिजं लागत नाहीत, त्याला बसायला जागा लागते. लांबच्या ठिकाणी आधी १०० वाला आउटपोस्ट (वस्ती नसलेली चौकी) टाक, रेंज वाढते, आणि साक्रा तिथे झेंडा लावत नाही.

चकली_आणि_चहा

वरचं सगळं बरोबर, पण डॉसबॉक्सदादा, मूळ दुखणं वेगळं वाटतंय मला. रात्रपाळी, तू रेस निवडताना सायलॉनच्या यादीत लो-जी (कमी गुरुत्वाकर्षणाची सवय) लिहिलंय ते बघितलंस का? क्रिएटिव्ह आणि रिसर्च +२ फुकट नाही मिळत, त्याची किंमत तिथे आहे. सायलॉन लोक नॉर्मल ग्रॅव्हिटीच्या ग्रहावर काम करायला लागले की कामाला २५ टक्के कात्री, हेवी असेल तर थेट ५० टक्के. प्लॅनेट्सच्या यादीत ग्रॅव्हिटी लिहिलेली असते, जरा उघडून बघ, मला खात्री आहे की तुझ्या चारपैकी निदान एक तरी हेवी निघणार.

आता गंमत अशी आहे की ग्रॅव्हिटी ठरते ग्रहाचा आकार आणि खनिजं यावरून. मोठा आणि रिच ग्रह म्हणजे बहुतेक हेवी, बारका आणि पुअर ग्रह म्हणजे लो. म्हणजे बाकी सगळ्या रेस ज्या मोठ्या श्रीमंत ग्रहांसाठी भांडतात ते सायलॉनच्या कामाचेच नाहीत, आणि ज्या फुटकळ ग्रहाकडे कुणी ढुंकून बघत नाही तिथे तुझे सायंटिस्ट पूर्ण ताकदीने काम करतात. मी सायलॉन खेळते तेव्हा आधी आजूबाजूचे असले सगळे दरिद्री लो-जी ग्रह गोळा करते, प्रत्येकावर फक्त सायंटिस्ट. वर्कर ठेवायचे होमवर्ल्डवर, ते लो-जीच असतं आणि मोठंही असतं.

अल्ट्रा रिच हेवी ग्रह मिळाला तर सोडायचा नाही, पण आत्ता तिथे सायलॉन पाठवायचे नाहीत, आउटपोस्ट टाकून राखून ठेवायचा. एक वर्कर तिथे ८ काढतो, साध्या ग्रहावर ३. पुढे दुसऱ्या रेसचे लोक हाताखाली आले की त्यांना तिथे न्यायचं. नाहीतर प्लॅनेटरी ग्रॅव्हिटी जनरेटरपर्यंत थांबायचं, ती टेक तुला मिळणारच आहे, ट्रॅक्टर बीमच्या टप्प्यात असते आणि तू क्रिएटिव्ह असल्याने निवड करावी लागत नाही.

तोफखाना

सायलॉन घेऊन रडणाऱ्यांचा हा कितवा धागा कोण जाणे 😄 भाऊ कस्टम रेस बनव. १० पिक्स (रेसचे गुण घ्यायचे पॉइंट) मिळतात. युनिफिकेशन ६, टॉलरंट १०, झाले १६, वरचे ६ रिपल्सिव्ह घेऊन भरून काढ. अन्न आणि प्रॉडक्शन दोन्हीला ५० टक्के बोनस, प्रदूषण नाही, मोरालची (लोकांच्या मनोबलाची) कटकट नाही. क्रिएटिव्ह एकट्याचे ८ जातात आणि बदल्यात काय मिळतं, तर कधीच न वापरणाऱ्या टेकची लायब्ररी.

चकली_आणि_चहा

तोफखाना, त्याने स्पष्ट लिहिलंय की हाच गेम वाचवायचाय. आणि रिपल्सिव्ह घेतलं की कुणाशी टेकची देवाणघेवाण नाही, करार नाही, राजदूत गेला तरी युद्ध नाहीतर शांतता एवढंच बोलणार. नवख्याला त्यातली मजाच कळायची नाही.

तोफखाना

टेक द्यायची गरजच काय, ग्रहच घ्यायचे की. बरं बरं, भांडत नाही.

रात्रपाळी

चकलीताई दंडवत. बघितलं. चारपैकी दोन नॉर्मल, एक हेवी, आणि एकच लो. त्या हेवीवर मी सगळ्यात जास्त बिल्डिंगा बांधल्यात कारण रिच लिहिलं होतं. ४० टर्नचं गणित सुटलं.

आता तिथले सायलॉन उचलून लो-जीवर न्यायला सुरुवात केलीय, होमवर्ल्डच्या मंडळात एक बारका बॅरन ग्रह रिकामाच होता त्यावर कॉलनी बेस लावला. पण पैशाचं काय? ट्रेझरी संपत आलीय. आणि साक्रा आले तर?

डॉसबॉक्सवाला

पैशाचं उत्तर तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे, "सगळ्या कॉलनीत सगळ्या बिल्डिंगा". क्रिएटिव्ह खेळणाऱ्यांचा हा ठरलेला रोग आहे, लग्नाच्या पंगतीत वाढणारा आला की नको म्हणता येत नाही तसं, टेक मिळाली की बांधलीच. प्रत्येक बिल्डिंगला दर टर्नला देखभालीचा खर्च आहे. दोन युनिट लोकांच्या कॉलनीत स्पेस अकॅडमी कशाला हवीय? तिथे जहाज कधी बांधणारेस? विकून टाक. एका कॉलनीत एका टर्नला एकच विकता येते, किमतीच्या निम्मे पैसे येतात. अकॅडमी आधी, मग ज्या ग्रहावर एकही वर्कर ठेवणार नाहीस तिथली ऑटो फॅक्टरी, पण ती सगळ्यात शेवटी, कारण वर्कर नसला तरी तिचे ५ प्रॉडक्शन येतच राहतात. मरीन बॅरक्स मात्र विकू नकोस हां! तू डिक्टेटरशिप आहेस, बॅरक्स नसली की मोराल २० टक्के पडतं.

कमांड पॉइंट मायनस ३ म्हणजे दर टर्नला ३० बीसी (गेममधले पैसे) हवेत जातायत, प्रत्येक पॉइंटला १०. तुझी गळती निम्मी तिथेच असणार. जुनी फ्रिगेटं स्क्रॅप कर. स्टार बेस प्रत्येकी एक पॉइंट देतो, आणि टॅकिऑन कम्युनिकेशन्स काढलं की प्रत्येक बेसमागे अजून एक. ते आधी काढ, तोफा नंतर.

टॅक्स थोडे टर्न लावलास तरी चालेल, पण कायमचा नको, प्रॉडक्शन खातो तो. आणि पैसे आले की काही विकत घेताना घाई नको, काम सुरुवातीला असताना प्रत्येक प्रॉडक्शनमागे जवळजवळ चौपट मोजतो गेम, निम्मं काम झालं की दुप्पटीवर येतो. म्हणून निम्म्यापर्यंत बांधू द्यायचं आणि मग बाय दाबायचं. मी तर कॉलनी यादी उघडून निम्म्याच्या पुढे काय काय आलंय एवढंच बघत बसतो.

तोफखाना

साक्राचं मी सांगतो. ते सीमेवर येऊन परत जातात म्हणजे कमजोर ग्रह हुडकतायत. साक्रांची लोकसंख्या दुप्पट वेगाने वाढते, भूमिगत राहतात त्यामुळे एका ग्रहावर जास्त मावतात, तू १२० टर्न टेक काढत बसलास तोपर्यंत त्यांनी पोरं काढली. पण ते फ्यूडल आहेत, रिसर्च निम्मा, जहाजं स्वस्त. म्हणजे येतील ते संख्येने जास्त आणि हत्यारांनी मागास.

सीमेवरच्या एका, हो एकाच, ग्रहावर स्टार बेस आणि मिसाइल बेस दोन्ही कर. सगळीकडे नको. मग क्रूझर बांध, लेझर बिझर विसर, न्यूक्लिअर मिसाइल भर आणि रॅक (मिसाइलचा साठा) सगळ्यात छोटा म्हणजे २ फेऱ्यांचा ठेव. छोट्या रॅकला जागा कमी लागते, तेवढ्याच जहाजात लाँचर जास्त बसतात. पहिल्या फेरीत सगळं एकाच जहाजावर सोडायचं, दुसऱ्या फेरीत पुढच्यावर, मग मागे सरकायचं आणि बाकीचं काम स्टार बेसला करू द्यायचं. शिवाय तुझ्याकडे क्रिएटिव्हमुळे शील्ड पण आहे आणि जॅमर पण. बाकीच्यांना त्यातलं एकच निवडावं लागतं. इथे तुझी लायब्ररी उपयोगी पडली, मान्य.

त्यांचा ताफा एकदा मोडला की थांबू नकोस. लगेच ट्रान्सपोर्ट घेऊन त्यांचा जवळचा ग्रह घे. एका ट्रान्सपोर्टमध्ये ४ मरीन, आणि साक्रांना बचावात जमिनीखाली राहण्याचा +१० मिळतो म्हणून आकडे बरोबरीचे दिसले तर जाऊ नकोस, दुप्पट असले तरच उतर.

चकली_आणि_चहा

आणि तो ग्रह घेतल्यावर तिथले साक्रा लोक मारू नकोस! तेच तर हवेत. त्यांना लो-जीचं बंधन नाही, शेतीला +१ आहे. डिक्टेटरशिपमध्ये एकेक युनिट सामावून घ्यायला ८ टर्न लागतात, धीर धर. मग शेतीला साक्रा बसव, आणि तुझे जे सायलॉन होमवर्ल्डवर भात लावतायत ना, त्यांना लॅबमध्ये पाठव. रिसर्च +२ असलेला माणूस शेतात ठेवणं हा गुन्हा आहे.

जुनी_हाडं

वाचून बरं वाटलं. सिमटेक्सने १९९६ मध्ये काढलेला गेम, आणि अजून लोक ग्रॅव्हिटीवरून वाद घालतायत. आमच्या काळी इंटरनेटवर विचारायची सोय नव्हती, मॅन्युअल पण नव्हतं कारण लॅमिंग्टन रोडच्या सीडीबरोबर मॅन्युअल कोण देणार, त्यामुळे टेलिपॅथिक (मनावर ताबा मिळवणारी) रेस म्हणजे काय हे मला ग्रह गेल्यावर कळलं. २००३ चा तिसरा भाग मोठ्या आशेने घेतला होता, त्यात साम्राज्य आपण चालवतोय का एक्सेल शीट तेच कळेना. २०१६ चा नवीन दिसायला छान आहे, एकदा खेळायला हरकत नाही.

एकच सांगतो, कौन्सिलकडे (सगळ्या रेस मिळून नेता निवडतात ती सभा) लक्ष ठेव. मतं लोकसंख्येवर असतात आणि दोन तृतीयांश मिळाली की गेम संपला. साक्रा एवढे वाढलेत तर पुढच्या निवडणुकीत उमेदवार तेच असणार.

रात्रपाळी

अपडेट. अकॅडमी तीन विकल्या, दोन फ्रिगेटं भंगारात घातली, पैसे दर टर्नला प्लस ४ आलेत, कमी आहेत पण प्लस आहेत. हेवी ग्रहावर आता एकच सायलॉन युनिट ठेवलंय, बिचारा. लो-जीवाले अजून दोन ग्रह सापडले, एकाभोवती स्पेस ईल (अंतराळातला एक राक्षस) फिरतोय.

आणि जुनी हाडं काका, तुम्ही लिहिलंत आणि दोन टर्नमध्ये कौन्सिल बसलं. साक्रा उभे होतेच, समोर मी. थोडक्यात राहिलं, मानवांनी कुणालाच मत दिलं नाही म्हणून वाचलो. त्यांना कसं पटवायचं?

चकली_आणि_चहा

मानव ना? डेमोक्रसी आहेत, त्यांच्याशी आधी ट्रेड करार कर, मग रिसर्च करार, आणि मधूनमधून एखादी बिनलढाऊ टेक भेट दे. बायोस्फिअर्स दे, किंवा हायड्रोपोनिक फार्म. बायोस्फिअर्स न घेतलेली रेस असेल तर खूश होते. हत्यारं अजिबात देऊ नकोस, उद्या साक्रांनी त्यांचा ग्रह घेतला तर ती टेक फिरून तुझ्याच अंगावर येईल. पुढचं कौन्सिल बसायच्या आधी त्यांच्याशी अलायन्स जमतंय का बघ, निदान नॉन-अ‍ॅग्रेशन तरी.

तोफखाना

आणि ईलला घाबरू नकोस, तेच २ फेऱ्यांचे क्रूझर चार-पाच घेऊन जा. ड्रॅगन असता तर नको म्हणालो असतो.