प्रतिसाद: तेव्हाच का नाही बोललात?

लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल मोठेपणी बोलणाऱ्या बाईविषयी 'खरं असतं तर तेव्हाच बोलली असती' असं वर एकांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. माझ्या बाबतीत तो माणूस नात्यातलाच होता, आणि दर गणपतीत त्याच्या पाया पडायला आईच मला पुढे करायची. तिला बिचारीला काय माहीत! आज चाळिशीतही मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की अंग ताठ होतं, हात माझ्या लेकाचा असला तरी. लग्नकार्यात मी भिंतीला पाठ लावूनच बसते.

इथे कुणी न मांडलेली गोष्ट भाषेची. आपल्याकडे पोलीस ठाण्यातला कारभार कन्नडमधून आणि मूल बोलणार मराठीत, या धास्तीनेच कितीजणी पायरी चढत नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २६ मध्ये मुलाच्या जबाबासाठी गरजेप्रमाणे दुभाषा घेण्याची तरतूद आहे. तो हक्काने मागा. कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरीही घेता येतो, आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा. कन्नडमध्ये लिहिलेली तक्रार मराठीतून समजावून घेतल्याशिवाय तिच्यावर सही मात्र करू नका.