उजनी काठोकाठ भरलंय, पण रोहू-कटला गळाला लागेना. ऑक्टोबरमध्ये माझं काय चुकतंय?

रविवारचा_गळकरी

नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहतो. गळाचा नाद लागून तीन वर्षं झाली, म्हणजे अजून शिकाऊच. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला भिगवणच्या बाजूच्या काठावर चिलापी पिशवी भरून मिळायची. (नेमकी जागा सांगत नाही, तुम्हीही कोणी सांगत नाही!) आता धरण शंभर टक्क्यांच्या वर गेलंय, पाणी पार बाभळींच्या बुंध्यापर्यंत आलंय. म्हटलं, आता मोठा मासा मिळणार.

गेल्या दोन्ही रविवारी रात्री तीनला घर सोडलं. पहाटे साडेपाचला गळ पाण्यात. बारा फुटी रॉड, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), जड शिसं लावून जमेल तितकं लांब, साठ-सत्तर मीटर फेकलं. आमिष गांडूळ. पहिल्या रविवारी बोटाएवढ्या नऊ चिलाप्या आणि एक सकर मासा (तोंडानं चिकटणारा). दुसऱ्या रविवारी फक्त सकर. त्यानं तंगूस असा पिळला की कापूनच टाकावा लागला.

पाणी हिरवं आहे, वारा नाही, दुपारी ऊन असह्य. मासा खोल गेलाय का? आमिष चुकतंय का? की नवरात्रात गळ टाकला म्हणून आई म्हणते तसं झालंय?

घुंगरूवाला

मित्रा, ऑक्टोबर हीटमध्ये मासा गार पाण्याला, म्हणजे खोल जातो. अजून लांब फेक. स्प्रिंगला चाऱ्याचा गोळा दाबून लाव, चार गळ सोड, रॉडला घुंगरू बांध आणि सावलीत बस. मी खडकवासल्याच्या बाजूला असंच करतो, मिळतात दोन-तीन.

बुडीत_रान

घुंगरूवाले, राग मानू नका, पण खडकवासल्याचा हिशेब उजनीला लावू नका. तिथं काठ उतरता आहे, दहा पावलांवर पाणी डोक्याच्या वर जातं. आमच्याकडं सपाट माळ आहे. अर्धा किलोमीटर चालत गेलात तरी काही ठिकाणी पाणी छातीपर्यंतच.

आणि हडपसरचे भाऊ, तुम्ही लांब फेकू नका. चूक तिथंच आहे. आईचं ऐकावं, पण मासा नवरात्र पाळत नाही.

उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृत साठा, म्हणजे टक्केवारीत न धरलं जाणारं तळाचं पाणी. म्हणून उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी उणे’ छापून येतं, तरी धरणात पाणी असतंच. उणेमधून शंभराच्या वर चढेपर्यंत काठ कुठल्या कुठं सरकतो. मासा काठाबरोबर सरकतो. आपण मात्र मे महिन्यातलं पाणी डोक्यात ठेवून तिकडंच फेकत बसतो.

तुम्ही सत्तर मीटरवर शिसं टाकताय, तिथं बहुतेक नुसता गाळ असणार. त्यात खायला काय आहे? खायचं ते तुमच्या पायापाशी. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. मका, कडवळ, कुठं भुईमूग. पीक काढलं की धस्कटं राहतात, त्यात पहिल्या पावसाचं गवत वाढतं, आणि त्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी चढतं. दीड महिन्यात ते सगळं कुजायला लागतं. धस्कटाला शेवाळाचा लेप बसतो, त्यात किडे-अळ्या होतात. रोहू ते खरवडतो, मृगळ खालचा चिखल चिवडतो. आमची म्हातारी माणसं म्हणायची, आश्विनात मासा शेतात चरायला येतो. मला लहानपणी ती थट्टा वाटायची.

आमचं साडेचार एकर त्याच पाण्यात आहे. धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच आम्हाला वर आणून बसवलं. मी तेव्हा सहावीत होतो. वडील होते तोवर दर उन्हाळ्यात मला खाली घेऊन जायचे आणि पायानं दाखवायचे: हा आपला बांध, हे लवण (पाणी वाहायची खोलगट जागा), इथनं गाडीवाट, ही थोरली विहीर. जमीन गेली तरी त्यांचा सातबारा तोंडपाठ होता. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता गळ घेऊन बसतो तेव्हा पाण्याच्या वरून मला ते सगळं दिसतं. जुना बांध असेल तिथं मासा बांधाच्या कडेनं फिरतो, गुरं चालतात तसा. लवणातनं तो सकाळी वर येतो आणि ऊन तापलं की त्याच वाटेनं उतरतो. म्हणून मी बांध आणि लवण जिथं मिळतात तिथं बसतो आणि काठापासून बारा-पंधरा मीटरच्या आत टाकतो. चार ते सात फूट पाणी. दुपारी बारा ते तीन तोच मासा दहा-बारा फुटांत जातो, तेव्हा मी भाकरी खातो.

तुमच्याकडं वडिलांचा बांध नाही, हे खरं. मग असं करा. शिसं आणि तरंगा लावून गळाशिवाय दोरी टाका आणि खोली मोजत काठाकाठानं चाला. फुटाफुटानं वाढत असलेली खोली एकदम दोन फुटांनी वाढली की समजा बांध किंवा ओढा. बेशरमाची झुडपं पाण्यातून डोकं वर काढून रांगेत उभी दिसली तर तोही बहुतेक बांधच. पण त्यांच्या अगदी जवळ टाकाल तर रोहू थेट त्यात घुसतो आणि तंगूस जातो.

आता आमिष. गांडूळ म्हणजे चिलापीला आवतण. चिलापी उथळ पाण्यात ताटाएवढे खड्डे करून अंडी घालते, मग पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातनं अनेकदा. म्हणजे काठावर चिलापी कायमच. गांडूळ तळाला पडलं की ती पोरं आधी पोचतात. रोहूला पेंड द्या. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजत घाला, सकाळी हरभऱ्याचं भाजलेलं पीठ आणि गव्हाचा कोंडा मिसळा, बांधायला थोडी कणीक, लिंबाएवढा गूळ. (घरातल्या पातेल्यात भिजवू नका. मला त्याचं ऐकावं लागलंय.) गोळा बादलीत टाकून बघा. दहा-बारा मिनिटांत सुटायला हवा. लगेच सुटला तर कणीक वाढवा. अर्धा तास तसाच राहिला तर तो गोळा नाही, दगड.

कटल्याचं वेगळं. त्याचं तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, तो वरच्या थरातलं हिरवं पाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. त्याला तळावर काही देऊन उपयोग नाही. तरंगा लावून आमिष तीन-चार फुटांवर लोंबतं ठेवा, गोळा पार सैल, पिठासारखा धूर पाण्यात सुटला पाहिजे. तो ओढत नाही, ओढून घेतो. तरंगा बुडत नाही, आडवा पडतो. आडवा पडला की रॉडला झटका मारा.

रविवारचा_गळकरी

काका, हे वाचून आधी मान खाली गेली, मग रॉड काढून पुसायला घेतला. दोन शंका. पहाटेची वेळ सोडायची का? सगळे तर सांगतात पहाट आणि संध्याकाळच. आणि वारा नसेल तर कुठल्या काठावर बसायचं?

बुडीत_रान

पहाट इतर धरणांवर. उजनीचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडं. त्यामुळं शेवाळ जास्त. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्रभर मात्र स्वतःच ओढून घेतं. वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे पाण्यात हवा सगळ्यात कमी असते. चिलापी, सकर तेवढ्यात तगतात. रोहू-कटला अंग ढिलं सोडून पडलेला असतो, खाण्यात लक्ष नसतं. तुम्हाला साडेपाचला नुसते सकर का मिळाले, ते आता लक्षात आलं असेल. ऊन वर येऊन जरा वारा सुटला की आठ-साडेआठपासून तो हलायला लागतो. मग साडेदहापर्यंत चांगलं, आणि दुपारी साडेतीन ते अंधार पडेपर्यंत. तुम्ही तीनला उठून झोप वाया घालवताय.

वाऱ्याचं सोपं आहे. पावसाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा असतो, दसऱ्याच्या सुमारास फिरतो आणि पूर्वेकडून, ईशान्येकडून हलका यायला लागतो. ज्या काठाला लाटा लागतात तिथं बसा, तोंडावर वारा घेऊन. फेकायला त्रास होतो, पण वरचं हिरवं आणि त्यातलं बारीक खाद्य तिकडंच ढकललं जातं, त्याच्या मागं कटला. फक्त हिरव्याची साय जमून तिला वास मारायला लागला असेल तर तो कोपरा सोडा. तिथं श्वास घ्यायला मासाही थांबत नाही.

अजून एक. निघायच्या आधी पेपरात दौंडचा विसर्ग बघा. वर पाऊस होऊन दौंडजवळ पाणी वाढलं की एक-दोन दिवसांत भिगवणच्या अंगाला गढूळ लोट येतो. त्यात कटला बसत नाही. तेव्हा ओढ्याच्या तोंडाला शिवडा, शिंगाडा या माशांच्या मागं लागा, तिथं मात्र तुमचं गांडूळ चालेल.

नीरा_काठची_मावशी

मध्ये बोलते, दोन गोष्टींसाठी. परतीचा पाऊस दुपारनंतर अंधारून येतो आणि आधी वीज येते. ते काळे रॉड कार्बनचे असतात. माळावर तुम्ही एकटेच उभे, हातात बारा फुटी कार्बन. गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून गाडीत बसा, मासा थांबेल. आणि होडीत जायचा मोह आवरा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यानं बोट उलटली, सहा माणसं गेली. हे पाणी शांत दिसतं, पण ते रुंद आहे, लाट उठायला वेळ लागत नाही.

आणि काठावर बसायच्या आधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. जलाशयावर मासेमारीचे हक्क दिलेले असतात, त्यांच्या जाळ्याच्या खुणेवर तुमचा गळ अडकला तर भांडण ठरलेलं. माझा मुलगा त्यांना आधी चहा पाजतो, मग तेच जागा दाखवतात.

रविवारचा_गळकरी

मंडळी, अहवाल. काल, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. सकाळी सहा वाजता घरून निघालो, बायकोला विश्वास बसेना.

आधी मच्छीमारांकडे. चहा मावशींच्या नावानं पाजला. मग दोरीला शिसं बांधून तासभर काठ मोजला. लोक बघत होते, मोजणी खात्याचा माणूस समजले असावेत. एका जागी पाच फुटांवरून एकदम साडेसात. समोर बेशरमाची तुरळक रांग, वारा तोंडावर. काठापासून तेरा मीटर. इतकं जवळ टाकताना लाज वाटत होती.

चाऱ्याचे चार गोळे टाकले आणि पाऊण तास हललो नाही. सव्वादहाला पहिला रोहू, घरी येऊन तोलला तर एक किलो आठशे. मग दुपार रिकामी. चारच्या सुमारास तरंगा आडवा पडला. काकांनी सांगितलं होतं तरी मी दोन सेकंद बघतच राहिलो, मग मारला, तोवर नुसता गळ रिकामा. पाचला दुसरा रोहू, पहिल्यापेक्षा मोठा होता, कारण तो मी पाहिला आणि तो बेशरमात गेला. तंगूस तुटला. एकूण चिलाप्या: तीन. सकर: शून्य.

गांडुळांचा डबा पिशवीतून काढलाच नाही. काका, एक विचारायचं होतं. तुमची ती थोरली विहीर, तिच्या तोंडाशी मोठा मासा नसेल का? खोल पाणी, भिंतीचा आडोसा...

बुडीत_रान

आहे. मोठा आहे, मी त्याचं पाठीचं पाणी उसळताना बघितलंय. पण विहिरीवर गळ टाकू नका. काठाचे दगड कपारीचे आहेत, माझे पाच गळ आणि एक रॉडचं टोक तिथं आहे. वडिलांची मोट ओढायची चाकं काढायची राहिली होती, दोरी त्यालाच अडकत असणार.

मेमध्ये या. पाणी उतरलं की रान चालत दाखवतो, बांध वहीत काढून घ्या. तुमची तुटलेली तंगूसही सापडली तर देईन.