मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ची नक्कल करतेय, पण बायका शेतात बसत नाहीत

रंगपेटी
तैलरंग शिकायचे तर एक जुनं चित्र शेवटपर्यंत उतरवून काढायचं, असं ठरवून फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७चं ‘सरवा वेचणाऱ्या’ घेतलं. सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, ती वेचणाऱ्या तीन बायका त्यात आहेत. हेच का, तर त्या तिघींवरून माझी नजर हटत नाही. दोघी पार वाकलेल्या, उजवीकडची अर्धवट. चेहरे जेमतेम दिसतात, तरी पाठीतली कळ जाणवते. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, साधारण ८४ बाय १११ सेंमी. माझा कॅनव्हास ४५ बाय ६०चा आहे, प्रमाण जवळपास तेच येतं.

चौकोन आखून रेखाटन केलं, ते छान उतरलं. मापं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. पण रंग चढले आणि बायका कापून चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या. शेत वेगळं, त्या वेगळ्या. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (निळा), कॅडमियम रेड आणि टिटॅनियम व्हाइट, एवढेच रंग आहेत. कमी पडतायत का?

जवसतेल
नाही, नवीन ट्यूब घेऊ नका. मूळ चित्राचा आणि तुमच्या कॅनव्हासचा, दोन्ही फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून शेजारी शेजारी ठेवा. मिलेने उजेड मागे ठेवलाय. गंजी, गाडी, राबणारी माणसं, लांब उजवीकडे घोड्यावरचा मुकादम, सगळं धुळकट सोनेरी आणि फिकं. खरा गडदपणा पुढच्या तिघींच्या वाट्याला आलाय. मागच्या गंजींच्या सावलीत तुम्ही नुसता अंबर लावला असेल, तर दूरचं शेत पुढे येणारच. त्यात पांढरा, ऑकर आणि निळ्याचा अगदी कण घाला.

कडा_बघा
वरचं सगळं पटतं, पण मला अर्धं दुखणं कडांचं वाटतं. सगळीकडे सारखी रेघ फिरली की आकृती जमिनीपासून सुटते. या चित्रात तिरपा उजेड माना, खांदे, पाठी आणि हातांवर पडतो. तिथली कड स्वच्छ ठेवा. झग्याची सावलीतली कड, जिथे ती खुंटांना भिडते, ती रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने हलकेच जमिनीत ओढून घ्या. एकदा ओढलीत की पुन्हा गिरवू नका. मोह फार होतो!

आणि जमिनीसाठी कालवलेला रंग पुसून टाकू नका. त्यातलाच थोडा प्रत्येक झग्याच्या सावलीत मिसळा. निळं, लाल, पिवळसर अशा तिन्ही डोक्यांच्या फडक्यांतही. कोरा लाल लावलात तर मधली बाई तिथेच उडी मारून बाहेर येईल.

करडा_थर
मी तर म्हणेन, रंग बाजूलाच ठेवा आणि पूर्ण चित्र आधी एका अंबरमध्ये करा. व्हॅन गॉगने १८८९-९०मध्ये फ्रान्समधल्या सें-रेमीच्या रुग्णालयात मिलेच्या चित्रांवरून तैलचित्रं केली, ती कृष्णधवल छापे समोर ठेवून. उजेड-सावली मिलेची, रंग मात्र त्याने स्वतःचे शोधले. उजेडाची बैठक पक्की असेल तर रंगाला किती मोकळीक मिळते, हे त्यांत बघायला मिळतं.

रंगपेटी
फोटो कृष्णधवल केला. मागच्या गंजी आणि मधल्या बाईचा झगा, दोन्ही एकाच करड्याचे! आता नवा कॅनव्हास, आधी फक्त अंबर. त्यावर रंग कधी चढवू?

करडा_थर
अंबर लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला तोच बरा. टर्पेंटाइनने पातळ करून लावा, खिडकी उघडी ठेवून. बोटाला लागेनासा झाला की वरचे थर द्या आणि त्यांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्या. उलटं केलंत, म्हणजे खाली तेलकट आणि वर पातळ, तर पुढे तडे जातात. पांढरा जाड लावू नका, टिटॅनियम सावकाश वाळतो. अंबरचा थर झाला की त्याचा फोटो टाका, तिघींच्या पाठी बघायच्यात.